टोगोमारूचा आहेर

शिवशंकर देशमाने सर अंबाजोगाईच्या एका शाळेत भूगोल शिकवतात. हा विषय त्यांच्या स्वभावाला मानवणारा आहे. डोंगर एकदा पाठ केला की तो जन्मभर जागचा हलत नाही. वस्तू जिथं ठेवली तिथंच सापडली पाहिजे, एवढंच त्यांच्या संसाराचं तत्त्वज्ञान. चष्म्याची जागा ठरलेली, छत्रीची ठरलेली, कान कोरायच्या काडीचीसुद्धा ठरलेली. अशा माणसाच्या हातून एक वस्तू हरवावी आणि ती शोधायला एक जीप, एक पोतं नारळ आणि अर्धा बीड जिल्हा लागावा, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

वस्तू म्हणाल तर एक कार्ड. सरांची लेक राजनंदिनी सहावीत आहे. तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी वर्गणी काढून दुकानातून एक पाकीट आणलं आणि त्यातून टोगोमारू निघाला. टोगोमारू हा एका व्हिडिओ गेममधला प्राणी. अंग हिरवं, पोट गुबगुबीत, कान उस्मानाबादी शेळीसारखे लांब लोंबते आणि शेपटीला जाळ. कार्ड उजेडात धरलं की त्याच्यामागचं आभाळ सोनेरी व्हायचं. असलं कार्ड निघणं म्हणजे काय, हे समजावताना राजनंदिनीचा आवाज चिरकत होता. सरांनी चष्मा वर सरकवून नीट पाहिलं आणि भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला, की हा आढळतो कुठं?

"पप्पा, हा कुठंच आढळत नाही," राजनंदिनी म्हणाली. "म्हणून तर भारी आहे."

कार्ड एक आणि मालकिणी चार. मोठी माणसं असती तर एव्हाना वकील लागले असते. मुलींनी पाळी लावली. एक महिना एकीकडं, पहिली तारीख उजाडली की पुढचीकडं. हा महिना राजनंदिनीचा होता, पुढचा मोहिनीचा. आणि राजनंदिनीनं ते खिडकीत उन्हाला ठेवल्यामुळं टोगोमारू पापडासारखा वाकडा झाला होता. मोहिनीला वाकडं कार्ड कसं द्यायचं, म्हणून पोरीचा चेहरा पडला. तेव्हा सरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की माझ्याकडं दे, महिना संपायच्या आत काचेसारखं सपाट करून देतो. बापाकडं दिलेली वस्तू कुठं जात नसते. हे वाक्य त्यांनी उगाच उच्चारलं. सपाट करण्यापुरतं बोलले असते तरी भागलं असतं.

आता सपाट करायचं कसं, यावर घरात आणि घराबाहेर मतं पडली. वनमालाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, गादीखाली ठेवायला सांगितलं. शेजारचे उत्तरेश्वर आप्पा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा आग्रह होता की वर ओलं फडकं टाकून हलकी इस्त्री फिरवावी. शासनाचे जुने नकाशे त्यांनी असेच सरळ केले होते म्हणे. सरांना दोन्ही पटलं नाही. गादी मऊ, ती खुद्द सरांची पाठ सरळ ठेवू शकलेली नव्हती. इस्त्रीनं टोगोमारूच्या शेपटीचा जाळ खरा झाला असता. हवी होती अशी जागा, की जिथं चहूबाजूंनी सारखा दाब आहे आणि जिथं कोणाचा हात कधी जात नाही. सर दोन दिवस घरात अशी जागा शोधत हिंडले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना ती सापडली. आहेराचं कपाट.

आपल्याकडं कार्यात पुरुषमाणसाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. प्लास्टिकच्या पाकिटात करकरीत घडीचा टॉवेल, त्यावर पांढरी टोपी. हे पाकीट कोणी फोडत नाही. आलं की ते कपाटात जातं आणि पुढच्या कार्याला कपाटातून बाहेर पडतं. त्यातली टोपी डोक्यासाठी शिवलेलीच नसते, फिरण्यासाठी शिवलेली असते. सरांच्या कपाटात पिवळ्या काठाचा असा एक टॉवेल होता, त्याच्या पाकिटावर कोण्या जुन्या लग्नातलं हळदीचं बोट अजून दिसायचं. सरांनी पाकिटाचं तोंड हलकेच उघडलं, कार्ड टोपीच्या घडीत सरकवलं, टॉवेलानं दाबलं, पाकीट बंद करून वर साड्यांची चळत ठेवली. कोणाला सांगितलं नाही. गुप्त जागा सांगितली की ती गुप्त राहत नाही, हे त्यामागचं शास्त्र. पण जे पाकीट कोणी फोडत नाही ते पाकीट घरात राहतही नाही, हा नियमाचा दुसरा भाग त्यांच्या ध्यानातून निसटला. त्यातून दिवस लग्नसराईचे.

राजनंदिनी रोज शाळेतून आली की विचारायची, "पप्पा, सपाट झालं का?" सर म्हणायचे, होतंय. महिना सरत आला तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानानं कपाट उघडलं, साड्या उचलल्या आणि खाली पाहिलं. खाली कपाटाची फळी होती. तीही अगदी सपाट.

वनमालाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान न वळवता सांगितलं, की ते पाकीट चौसाळ्याला दिलं. त्यांच्या चुलतबहिणीनं, केशरबाईनं, नवीन घर बांधलं होतं. वास्तुशांतीला त्या एकट्याच गेल्या होत्या, सरांना पेपर तपासायचे होते ना. सर तिथंच पाटावर बसले. कार्डाचं ऐकल्यावर वनमालाबाईंनी थापणं थांबवलं, आणि सरांना वाटलं की आता त्या फोन उचलतील आणि एका मिनिटात काम होईल.

"आहेर परत मागायचा?" त्या म्हणाल्या. "तेबी माझ्या माहेरच्या मानसांना? पोरीच्या खेळातल्या चित्रासाठी दिलेलं पाकीट फोडायला लावलं म्हनून सगळ्या भावकीत होईल. मी त्या दारात परत कोनत्या तोंडानं जाऊ? तुमी ठिवलंय, तुमी आना. पन कार्डाचं नाव काढायचं न्हाई."

सर ओसरीवर येऊन बसले. राजनंदिनी शिकवणीला गेली होती. ती परत आली की तोच प्रश्न येणार आणि पहिली तारीख तर तीन दिवसांवर. तिच्या मैत्रिणींनी पाळीचा नियम अजून एकदाही मोडला नव्हता. आपल्या लेकीवर चौघींत खाली मान घालायची वेळ आपल्यामुळं येणार, हे सरांना सहन होईना. भिंतीपलीकडून उत्तरेश्वर आप्पांचं डोकं वर आलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते नेहमीच सगळं ऐकतात.

"सर, मानसाला मानूस न्हाई म्हनतंय," आप्पा म्हणाले. "देवाला कोन न्हाई म्हनंल? सांगा की टॉवेल-टोपी नवसाची व्हती. वैजनाथाला वाहायची व्हती, घरच्यांनी चुकून आहेरात दिली. दुसरं पाकीट द्या, ते घ्या, विषय संपला."

सरांनी शंका काढली, की अंबाजोगाईत आपली योगेश्वरी असताना नवस परळीच्या वैजनाथाला का?

"देवीला टोपी कावून लागती?" आप्पांनी विचारलं. यावर सरांपाशी उत्तर नव्हतं, आणि ज्या योजनेवर उत्तर नसतं ती योजना चांगली, असं त्यांनी मानून घेतलं.

रजेचा अर्ज करावा लागला. किरकोळ रजेलाही कारण लागतं आणि कार्ड शोधणे हे कारण कुठल्या नियमात बसत नाही. सरांनी 'देवकार्य' लिहिलं. मुख्याध्यापकांनी सही करताना परळीचा प्रसाद आणायला बजावलं, शिपायानं अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि सरांची थाप रीतसर दफ्तरी दाखल झाली. आता मागं फिरायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवं, लाल काठाचं पाकीट पिशवीत घेऊन सर एसटीत बसले. शेजारच्या सीटवर उत्तरेश्वर आप्पा होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण आपण काढलेल्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत हजर राहायची त्यांना नोकरीतली सवय होती. मांजरसुंब्याला गाडी बदलून दोघं चौसाळ्यात उतरले.

केशरबाईचे यजमान विजयसिंह म्हणजे सरांचे साडू. खताचं दुकान, थोडी शेती आणि पुष्कळ राजकारण. येत्या निवडणुकीत पंचायत समितीला उभं राहायचं त्यांचं ठरलेलं होतं, त्यामुळं अलीकडं ते कोणाशीही बोलताना एक हात वर करून बोलत. साडू आलेला पाहून त्यांनी आधी घर दाखवलं. हॉल दाखवला, देवघर दाखवलं, न्हाणीघरातला गिझर चालू करून त्यातून खरोखर गरम पाणी येतं हे बोटानं पडताळून पाहायला लावलं. मग जेवण. जेवणात सरांनी दोनदा विषयाला हात घातला आणि दोन्ही वेळा केशरबाईनं पानात पुरणपोळी घातली. शेवटी आप्पांनी घसा खाकरून, फिर्याद वाचावी तशी ती नवसाची हकिगत सांगितली.

विजयसिंहांचा घास हातातच राहिला. पाकीट कपाटात आहे, पण कपाटाची किल्ली सापडत नाही, असं ते आधी म्हणाले. मग म्हणाले की किल्ली सापडते, पण कपाट जाम आहे. इतक्यात केशरबाईनं आतून सरळ स्वभावानं विचारलं, की ते पिवळ्या काठाचं तर परळीच्या आत्याला दिलं न्हवं का? ज्या आहेराला त्यांच्या घरात एक आठवडासुद्धा झाला नव्हता तो पुढं गेला होता. विजयसिंह पानावरून उठले, हात धुऊन आले आणि या खेपेला हात वर न करता बोलले.

"साडूभाऊ, खोटं कशाला बोलू. आत्याच्या पोराचा साखरपुडा व्हता. घाईत हाताला तेच लागलं. आता निवडनूक तोंडावर हाय आन् देवाचं वस्त्र माझ्या हातून भलतीकडं गेलं. हे भोवलं म्हंजी?"

सरांनी घाईघाईनं सांगितलं, की एवढं मनावर घेऊ नका, मी एकटा परळीला जाऊन बघतो. पण देवाच्या गोष्टीत विजयसिंह कोणाला एकटं सोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पप्पूला हाक मारली. पप्पू त्यांचा ड्रायव्हर आणि प्रचारप्रमुख, दोन्ही कामं एकाच पगारात करायचा. जीप निघाली. वाटेत नारळांचं पोतं घेतलं, झेंडूचे हार घेतले. एक हार उरला तो पप्पूनं सरांच्या गळ्यात घातला, कारण नवस त्यांचा. लाल काठाचं नवं पाकीट केशरबाईनं ठेवून घेतलं होतं. ते तिनं फोडलं नाही, हे सांगायला नकोच.

सर पुढच्या सीटवर हार घालून बसले होते आणि मनातल्या मनात एवढंच म्हणत होते की रस्त्यात ओळखीचं कोणी भेटू नये. ओळखीच्यांनी भेटायची गरजच नव्हती. पप्पूनं सरांचा फोटो काढून, खाली 'श्री वैजनाथाच्या वस्त्राची शोधमोहीम, सौजन्य विजयसिंह दादा' असं लिहून तो जगाला दाखवला होता. केज यायच्या आत शाळेच्या ग्रुपवर सरांपुढं जोडलेल्या हातांच्या चित्रांचे ढीग येऊन पडले. जे गणिताचे मास्तर सरांना एरवी नमस्कारही करत नसत, त्यांनी आपल्या गुडघ्यासाठी प्रार्थना करायला सांगितली. मग वनमालाबाईंचा फोन आला. हार घालून जीपमध्ये का बसला आहात, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सर बरोबरच्या माणसांमुळं काही बोलू शकेनात. तेवढ्यात फोन राजनंदिनीनं घेतला.

"पप्पा, सपाट झालं का? उद्या मोहिनीला द्यायचंय."

"होतंय, बाळ," सर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी हार काढून मांडीवर ठेवला. त्यांना फार वाईट वाटत होतं. पोरगी रोज विचारते आणि आपण रोज खोटं सांगतो, हे त्यांना त्या जीपमध्ये, बरोबर दोन भक्त आणि एक ड्रायव्हर असताना, पहिल्यांदा नीट कळलं.

परळीत तुळजाबाई आत्या दारातच उभ्या होत्या. फोटो त्यांच्या सुनेनं दाखवला होता आणि त्या दुपारपासून उपाशी होत्या. जीप थांबताच त्यांनी सरांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, त्यात सरांचे एकुलते एक चांगले बूट भिजले. मग पदरानं डोळे पुसत त्यांनी सांगितलं, की पाकीट त्यांच्याकडंही नाही. त्यांच्या रानात नाथा धनगराचा कळप बसला होता. मेंढ्या-शेळ्या रात्री शेतात बसवल्या की रानाला खत मिळतं, आणि कळप उठताना धनगराला धान्य आणि कापडचोपड देऊन वाटेला लावायचं असतं. तो उठला त्या दिवशी आत्यांनी ते पाकीट त्याच्या हातावर ठेवलं. आता त्याचा कळप वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याच्या अलीकडं, माळावर आहे. एवढं बोलून आत्या जीपमध्ये चढल्या. सरांनी त्यांना घरी थांबून काहीतरी खाऊन घ्यायला सुचवलं, तर त्या म्हणाल्या की वस्त्र सापडल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही. म्हातारीच्या उपासाचं ओझं आता सरांच्या मानेवर आलं.

औष्णिक केंद्राच्या चिमण्यांमागं ऊन कलायला लागलं होतं. माळावर सगळीकडं राखेचा बारीक थर, आणि त्यात मेंढ्या आपल्या चरत होत्या. नाथा काठीला टेकून उभा होता. त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती आणि गळ्याभोवती पिवळ्या काठाचा टॉवेल. कित्येक लग्नं, बारशी आणि वास्तुशांत्या फिरून आलेली ती टोपी अखेर एका माणसाच्या डोक्यावर बसली होती, आणि तिथं ती चांगली शोभतही होती. जीपमधल्या मंडळींनी मात्र ते पाहून एकदम श्वास घेतला.

विजयसिंह जीपच्या पायरीवर चढले आणि ही साधी टोपी नसून कोणाची आहे, हे त्यांनी सभेत सांगावं तसं सांगितलं. नाथाचा हात टोपीकडं गेला. तो बिचारा घाबरला. त्यानं हळूच कबूल केलं, की त्या टॉवेलानं त्यानं रोज तोंड पुसलंय आणि एकदा शेळीही पुसलीय. मग तिथंच माळावर चर्चा बसली. आत्यांचं म्हणणं, धुऊन वाहावं. विजयसिंह म्हणाले, नवं घेऊन वाहू. शेवटी उत्तरेश्वर आप्पांनी निकाल दिला, की वापरलेलं वस्त्र देवाला चालत नाही, आणि ज्या अर्थी देवानं ते गरिबाच्या अंगावर जाऊ दिलं त्या अर्थी ते देवाला पोचलं. सर्वांना हे एकदम पसंत पडलं. नारळ फुटायला लागले. प्रकरण मिटलं होतं, फक्त ज्यासाठी ते सुरू झालं ते कार्ड कुठंच नव्हतं.

सर बाजूला सरकून इकडंतिकडं पाहू लागले. पालापाशी नाथाची बायको रतनबाई एका करडाला बाटलीनं दूध पाजत होती. करडू काळं, कान लांब लोंबते. आणि त्याच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात, काहीतरी सोनेरी चमकलं. सर जवळ गेले. टोगोमारूच होता. कपाळाच्या वर दाभणानं पाडलेलं भोक, पोटावर हळद, एका कोपऱ्याला दुधाचा डाग. त्यांनी रतनबाईला विचारलं, की हे कुठून आलं?

"टोपीतून निघालं," ती म्हणाली. "ह्याची माय मेली, गुरुजी. कोनची शेळी जवळ घीईना आन् ह्ये बाटलीला तोंड लावीना. म्या म्हनलं, टोपीत करडाचं चित्र कोन कावून ठिवील, देवानंच धाडलं आसंल. गळ्यात बांधलं. तवापासून पितंय."

हे विजयसिंहांनी ऐकलं. ते धावत आले, आत्या आल्या, पप्पू मोबाईल पुढं धरून आला. टोपीत काय होतं, वस्त्राबरोबर देवानं काय पाठवलं, हे सगळं एका क्षणात जुळलं. आत्यांनी करडापुढं गुडघे टेकले. विजयसिंहांनी कार्डाला हात लावून तो कपाळाला लावला. ज्यांनी तो नवस स्वतः भिंतीवरून रचला होता, त्या उत्तरेश्वर आप्पांनीही डोळे मिटून हात जोडले. जो कुठंच आढळत नाही तो टोगोमारू परळीच्या माळावर आढळला होता आणि त्याच्यापुढं नारळ फुटत होता. करडू मात्र बाटली सोडायला तयार नव्हतं.

सर मध्ये उभे होते. आता गप्प बसलं तर उद्या शाळेत मान वाढणार, गणिताचे मास्तर पाया पडणार, साडू जन्मभर नाव काढणार. तोंड उघडलं तर भावकीत, शाळेत आणि पप्पूच्या मोबाईलमध्ये आयुष्यभराची शोभा. वनमालाबाईंनी बजावलेलंही आठवलं. पण त्याहून जास्त त्यांना उद्याची सकाळ दिसत होती. चार मुली उभ्या आहेत, मोहिनीनं हात पुढं केलाय, आणि राजनंदिनी बापाकडं बघते आहे.

"हे देवाचं नाही," सर म्हणाले. "माझ्या मुलीच्या खेळातलं कार्ड आहे. मीच टोपीत ठेवलं होतं. नवसबिवस काही नव्हता, मी खोटं बोललो."

पप्पूनं पुढं धरलेला मोबाईल खाली केला.

"म्हंजी टॉवेल?" विजयसिंहांनी विचारलं.

सरांनी सांगितलं की टॉवेल साधा आहे, बाजारातला. विजयसिंहांनी पुन्हा खात्री करून घेतली, की म्हणजे देव कोपलेला नाही आणि निवडणुकीला काही होत नाही. नाही म्हटल्यावर ते जीपच्या चाकाला टेकून खाली बसले. त्यांना साडूचा संताप आला होता आणि त्याच वेळी त्यांचं अंग इतकं हलकं झालं होतं, की दोन्ही एकदम दाखवता येईना म्हणून ते नुसते घाम पुसत राहिले. आत्यांनी राखेवर फुटलेल्या नारळातली एक कवड उचलली, पदरानं पुसली आणि खायला सुरुवात केली. पप्पूनं फोटो काढून टाकू का म्हणून विचारलं. आप्पा वीजकेंद्राच्या चिमण्यांकडं पाहत होते.

रतनबाईचं कोणाकडंच लक्ष नव्हतं. तिनं तोवर करडाच्या गळ्यातली गाठ सोडवली होती. कार्ड तिनं लुगड्याला पुसलं आणि सरांच्या हातात दिलं.

"लेकराचं हाय व्हय?" ती म्हणाली. "मंग आदी बोलायचं न्हाई का, गुरुजी. लेकराची वस्तू कोन ठिवून घील?"

सरांना त्या माणसांत उभं राहून रडू आलं. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं, पण आत्यांनी ते पाहिलंच आणि अर्धी कवड त्यांच्या हातावर ठेवली. चौसाळ्यात दार उघडल्याबरोबर सरांनी एवढंच एक वाक्य बोलायला हवं होतं. केशरबाईही लेकुरवाळी होती, विजयसिंहांनाही मुली होत्या. त्यांना कोणी हसलं नसतं, किंवा थोडं हसलं असतं, आणि मग शोधू लागलं असतं. परतीच्या वाटेवर विजयसिंहांनी नेमकं तेच बोलून दाखवलं, फक्त बऱ्याच मोठ्या आवाजात. मग त्यांनी परळीत सगळ्यांना चहा पाजला आणि दिवा लागायच्या सुमाराला सरांना अंबाजोगाईत दारापर्यंत आणून सोडलं.

राजनंदिनी पायरीवर वाट बघत होती. सरांनी कार्ड तिच्या हातात दिलं. ते सपाट झालं होतं, त्याबद्दल कोणाला शंका घेता आली नसती. भोक दिसताच तिचे डोळे भरले. सर तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, रोजचं 'होतंय' कसं खोटं होतं तेही. आतून वनमालाबाई ऐकत होत्या. टॉवेलानं शेळी पुसली इथं त्या एवढ्या हसल्या की त्यांना सरांवर रागवायचं राहून गेलं. राजनंदिनी हसली नाही. तिनं कार्डाचा वास घेतला आणि विचारलं, "कार्ड काढल्यावर ते करडू दूध पितंय का, पप्पा?"

सरांना ते माहीत नव्हतं. ते निघाले तेव्हा बाटली संपली होती. त्या प्रश्नानं त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही.

सकाळी चौघी पायरीवर जमल्या. सर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. सहावीतल्या मुलीची माफी कशी मागतात याचा त्यांना सराव नव्हता, पण त्यांनी मोहिनीला उद्देशून सरळ सांगितलं, की तुझ्या पाळीचं कार्ड माझ्यामुळं बिघडलं, चूक माझी आहे. मुलींनी डोकी एकत्र घातली. सर खांबाला धरून उभे राहिले. मुख्याध्यापकांपुढंही ते इतक्या अदबीनं कधी उभे राहिले नव्हते. कुजबुज झाली, मग वाद झाला, मग एकदाची मान्यता झाली आणि मोहिनी कार्ड घेऊन सरांसमोर आली.

हा महिना तिचा, तेव्हा कार्ड कोणाला द्यायचं ते ती ठरवणार. तिनं ठरवलं होतं, की ज्याची आई नाही त्याच्याकडं ते राहू दे, चारा खायला लागेपर्यंत. नेऊन सरांनी द्यायचं, कारण रस्ता त्यांना माहीत आहे. येत्या रविवारी चौघी बरोबर येणार. आणि करडाचं नाव काय, हेही सरांनी विचारून ठेवायला हवं होतं, ते त्यांनी विचारलेलं नाही, याची तिनं नोंद घेतली होती.

शिक्षक असल्यामुळं सरांना राहवेना. "पण मोहिनी, त्याला भोक पडलंय, त्याचं काय?"

"भोक नसतं तर ते बांधलं कुठून असतं, सर?" मोहिनीनं विचारलं.

सर परळीच्या गाडीची वेळ बघायला आत गेले.